आप्पांच्या गाडीतला आवाज

सोमनाथ कुशनवाल्याचा राग नाकावर नसतो, कानावर असतो. चिडला की त्याचे कान लालबुंद होतात, आणि पोळ्यानंतरच्या त्या तीन आठवड्यांत ते एकदाही मूळ रंगावर आले नाहीत, असं त्याची बायको विजयमाला सांगते. कारण एकच, सुंदररावआप्पांची पांढरी गाडी. ती दुकानासमोर चौथ्यांदा येऊन उभी राहिली तेव्हा सोमनाथने हातातली कात्री खाली ठेवली, मागच्या मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारून आला. शिवी तोंडाशी आली की तो पाणी मारतो. त्या दिवशी त्याने तीनदा मारलं.

अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. पाटीवर 'कुशन, सीट कव्हर, मॅटिंग' असं लिहिलंय, पण माणसं येतात ती त्याच्या कानासाठी. दाराच्या फटीतून वारा शिट्टी घालतोय, टायरच्या घरघरीपुढे शेजारच्याचं बोलणं कळत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस शोरूममध्ये गेला की तिथले लोक "एवढं चालायचंच" म्हणून हात झटकतात. मग कोणीतरी सांगतं, सोमनाथकडे जा. सोमनाथ गाडी स्वतः चालवत नाही. चालवता येते, पण हात स्टिअरिंगवर असले की कान लागत नाही म्हणतो. मालकाला चालवायला बसवतो आणि आपण मागच्या सीटवर हातात खडू घेऊन, डोळे मिटून बसतो. पाच-सहा किलोमीटर झाले की डोळे न उघडताच हात लांब करून दाराच्या एखाद्या कोपऱ्यावर फुली मारतो. घोडं तिथेच पेंड खात असतं.

हा कान त्याला बापाकडून आला. बाप आसाराम धर्मापुरीच्या माळावर मेंढरं राखायचा. दीडशे मेंढरांत पंधरा-वीस घंट्या, प्रत्येकीचा आवाज वेगळा, आणि बाभळीखाली घोंगडी टाकून पडल्या पडल्या आसाराम सांगायचा की अमकी ओढ्याकडे निघालीय, पळ, वळवून आण. सोमनाथ पळायचा. घंट्या ओळखायला चुकला की बाप काठीने पोटरीवर हलकेच मारायचा, म्हणून तो लवकर शिकला. पुढे कळप मोडला आणि तो शहरात येऊन खाजाभाई कुशनवाल्यांच्या हाताखाली रेक्झिन कापायला लागला. खाजाभाईंनी त्याला जीपच्या सीटा शिवायला शिकवल्या, पत्र्याला लोकरीचा जाड नमदा चिकटवायला शिकवलं, आणि एक वाक्य दिलं जे तो आजही गिऱ्हाइकांना ऐकवतो. "गाडी झूट नई बोलती बेटा, बैठनेवाला बोलता."

सुंदररावआप्पा पाटोद्याकडचे. एके काळी बाजार समितीचे सभापती होते, आता माजी आहेत, पण 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची पद्धत नाही. माणूस तसा चांगला. भांडणं मिटवणं हा त्यांचा खरा धंदा, आणि ती ते गाडीत मिटवतात. बांधाचा वाद असो की सोयरिकीतलं रुसणं, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याला आप्पा गाडीत घेतात. पुढच्या गावापर्यंत त्याचं ऐकतात, तोवर निकाल लागलेला असतो, आणि त्याला फाट्यावर उतरवून देतात. त्या भागात 'आप्पांनी गाडीत घेतलं' म्हणजे काम झालं असं समजतात. गाडीत दोन माणसं कायमची, चालवायला बिभीषण आणि मागे बसायला अंगद. अंगदचं काम नेमकं काय हे अंगदलाही सांगता येणार नाही. आप्पा बोलले की मान हलवणं, हे मात्र तो मन लावून करतो.

पहिल्यांदा आप्पा आले तेव्हा त्यांची तक्रार सरळ होती. गाडी नवी, मोठी, पण आत बसलेल्याचं बोलणं कळत नाही. फोनवर नुसता वारा येतो. लोक काकुळतीला येऊन सांगत असतात आणि आपण 'हां हां' करत बसतो, हे त्यांना लागलं होतं. "माझं समदं काम गाडीत हाय बघ, सोमनाथ," ते म्हणाले. "गाडीत ऐकू न्हाई आलं तर मी निस्ता हिंडणारा माणूस."

सोमनाथला हे पटलं. त्याने जीव लावून काम केलं. चारही दारांची अस्तरं काढून आत डांबरी शीट चिकटवली, वर नमदा. खालची मॅटिंग उचलून पत्र्यावर जाड फोम अंथरला. दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावलं, आणि जिथे पट्टी अलगद निघून आली तिथलं रबर बदललं. टपावर लोखंडी कॅरिअर होतं, निवडणुकीत भोंगे बांधायला लावलेलं. वारा त्याच्यात अडकून घुमतो, ते काढा, असं त्याने सांगितलं. आप्पा दोन दिवस विचार करून कसेबसे तयार झाले. पुढच्या निवडणुकीचं काय, ही काळजी अंगदने बोलून दाखवली.

मग गाडी केजच्या रस्त्याला लावली. सिमेंटचा रस्ता टायरला फार बोलायला लावतो, पण आत असं शांत झालं होतं की बिभीषणच्या खिशातल्या किल्ल्या ऐकू येत होत्या. सोमनाथ मागे डोळे मिटून खुशीत बसला. तेवढ्यात एक गाव आलं आणि आप्पांनी काच खाली घेतली.

डावा कोपर बाहेर, हात वर. राम राम. राम राम. गाव संपलं, तरी काच खालीच. सोमनाथने सांगितलं की आप्पा, काच. आप्पा म्हणाले, पुढे वस्ती आहे. वस्ती गेली. मग म्हणाले, पुढे शाळा आहे, मास्तर ओळखीचे आहेत. काच वर करून आप्पा गावातून गेला तर लोक म्हणतील मस्ती आली, हे त्यांनी सोमनाथला असं समजावून सांगितलं की जणू तो विलायतेतून आलाय. तीस वर्षं ते असेच बसत आले होते, आधी बिनदाराच्या जीपमध्ये, मग दारवाल्या गाड्यांत. त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा आहे. सोमनाथने दहा दिवस राबून फटी बुजवल्या होत्या, आणि मालकाने दीड हाताची खिडकी उघडी टाकून वर विचारलं, आवाज येतोय की अजून.

याला काय म्हणावं? भोकाच्या पोहऱ्याने आड शेंदावा तसला प्रकार. पण गिऱ्हाईक मोठं होतं, म्हणून सोमनाथने कपाळ बडवून घेतलं नाही. परीक्षेपुरती तरी काच लावा, अशी विनवणी केली. आप्पांनी लावली. गाडी पाच किलोमीटर गेली. आप्पा तोंड वाकडं करून ऐकत राहिले आणि म्हणाले की आवाज वाढलाय. पूर्वी नुसती घरघर होती, आता बारीक, सलग, सूं असा काहीतरी येतोय.

"येतोय की," अंगद लगेच म्हणाला. "शिट्टीवानी."

बिभीषण म्हणाला, पुढून येतोय. अंगद म्हणाला, मागून. आप्पा म्हणाले, डावीकडून. सोमनाथने डोळे गच्च मिटले. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

दुसरी खेप अशी गेली, आणि तिसरीला त्याने होतं नव्हतं ते सगळं केलं. छताचं अस्तर उतरवून पुन्हा बसवलं. आरशांच्या खाचा, वायपर, बोनेटची फट, दारांच्या चिरा, सगळीकडे पिवळी कागदी टेप मारली. मग एकेक पट्टी काढायची आणि गाडी पळवायची. जी काढल्यावर शिट्टी सुरू होईल, तिथे चोर. अकरा पट्ट्या, अकरा फेऱ्या. नाक्यावरचा चहावाला म्हणाला, गाडीला हळद लागली, लगीन कधी? आणि प्रत्येक फेरीला आप्पांचं एकच, हाय, तसाच हाय. अंगदचं त्यावर, हाय की. सोमनाथचे कान शेंदरी झाले. कागदाने काय फरक पडला एवढं तरी सांगा, असं त्याने काकुळतीने अंगदला विचारलं. अंगदने आधी आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग सांगितलं, काही फरक नाही.

खरी गंमत अशी की सोमनाथला आता आप्पांचा नुसता राग येत नव्हता. त्याला भीती वाटायला लागली होती. तीन माणसांना आवाज येतो, आणि ज्याचं पोट कानावर आहे त्याला येत नाही. त्रेपन्न वय झालं. तीस वर्षं पत्र्यावर हातोडी मारली. कान गेला असला पाहिजे, आणि तो गेल्याचं सगळ्यात शेवटी ज्याला कळतं तो आपण. लातूरहून एक माणूस गाडी घेऊन आला, त्याला सोमनाथने हात जोडून परत पाठवलं. फुली मारायची कुठल्या तोंडाने? कान नसला की तो रेक्झिन कापणारा एक म्हातारा, दुसरं काही नाही. जेवताना तो भिंतीवरच्या घड्याळाकडे डोकं तिरपं करून बसायचा, आणि टिकटिक ऐकू आली तरी त्याचा विश्वास बसायचा नाही, वाटायचं की काटा दिसतोय म्हणून ऐकू येतंय.

विजयमाला सीटची कव्हरं शिवते. तिने दोन दिवस हे नाटक सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी मशीन थांबवली. "कान गेलाय म्हणता, मग मी भिंतीकडं तोंड करून काय पुटपुटले त्येचा राग कावून आला तुमाला?"

त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, तीन माणसं खोटं कशाला बोलतील?

अशात गाडी चौथ्यांदा आली. आप्पा चिडलेले नव्हते, थकलेले होते. डोळ्यांखाली काळं. म्हणाले की होत नसलं तर तसं सांग, मी पुण्याला दाखवतो. हे सोमनाथला शिवीपेक्षा जास्त लागलं. पाणी मारून झाल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला की एकदाच, शेवटचं, माझ्या पद्धतीने जायचं. टेपची पट्टी काढतो तसं आज एकेक आवाजच काढून टाकायचा. उरेल तो चोर.

केजच्या पुढे मुख्य रस्ता सोडून त्याने गाडी एका पाणंदीला घ्यायला लावली. आप्पा पुढे डावीकडे, मागे सोमनाथ आणि अंगद. काचा बंद. ऊन तापलेलं, वारा पडलेला.

आधी एसी बंद केला. आता? आप्पा म्हणाले, हाय. अंगद म्हणाला, हाय. मग गाडी थांबवली, म्हणजे टायर गेले आणि वाराही गेला. आता? आप्पांनी डोळे मिटले होते. हाय, म्हणाले. मग सोमनाथने बिभीषणला इंजिन बंद करायला सांगितलं. बिभीषणने किल्ली काढून हातात घेतली.

"आता, आप्पा?"

"हाय." आप्पांनी मान हलवली. "आता तर लई साफ येतोय. ऐक की. सूंऽऽ"

"साफ येतोय आप्पा," अंगद मागून म्हणाला.

बिभीषणने हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि म्हणाला की पुढूनच येतोय, जरासा.

सोमनाथचे कान इतके तापले की त्याला वाटलं आता यांतून धूर निघेल. तोंडावर मारायला पाणी नव्हतं. तीन आठवडे, अकरा पट्ट्या, झोपेचं खोबरं, परत पाठवलेलं गिऱ्हाईक, आणि ही तीन माणसं बंद गाडीचा आवाज ऐकत बसली होती. अंगदची मानगूट धरून त्याला पाणंदीत उतरवावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण तो काही करायच्या आत आप्पांनी डोळे उघडले.

त्यांची नजर बिभीषणच्या हातातल्या किल्लीवर गेली आणि तिथेच राहिली. आप्पा राजकारणात तीस वर्षं उगीच टिकले नव्हते.

"अंगद," ते हळू म्हणाले, "गाडी बंद हाय."

"व्हय आप्पा."

"मग कशाचा येतोय?"

अंगदने बाहेर पाहिलं. वाऱ्याचा असेल, म्हणाला. बाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं, आणि ते आप्पांनीही पाहिलं. मग ते पूर्ण मागे वळले. "सोमनाथ, तुला येतोय?"

हा प्रश्न तीन आठवड्यांत त्याला कोणी विचारला नव्हता. सगळे त्याला सांगतच होते.

"न्हाई आप्पा," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेपासून न्हाई. मला वाटलं माझाच कान गेला."

आणि ते बोलून तो गप्प झाला तेव्हा त्याला घंटी ऐकू आली. बंद काचेतून, त्याने स्वतः चिकटवलेल्या नमद्यातून, अगदी पुसट. मेंढीच्या गळ्यातली, काठ तडकलेली. त्याला बापाची काठी पोटरीवर आठवली. कान जागेवर होता. त्याने सांगितलं की डाव्या अंगाला, त्या चढापलीकडे मेंढरं आहेत, घंटी वाजतेय. बिभीषणने काचेपुरती किल्ली लावून अर्धी फिरवली.

आप्पांनी काच खाली घेतली. नेहमीसारखा कोपर बाहेर काढला, डोकंही काढलं, डावा कान चढाकडे. थोडा वेळ तसेच बसले. कुठाय, म्हणाले. एवढ्यात चढावर दोन मेंढरं दिसायला लागली, मागून आणखी, आणि घंटी आता बिभीषणलाही ऐकू येत होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आप्पा मेंढरांकडे पाहत होते आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी मान फिरवली आणि उजवा कान खिडकीकडे केला. त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. मेंढरं अगदी पाणंदीपर्यंत आली तोवर ते तसे मान फिरवत होते, आणि सोमनाथला ते बघवेना. मघाचा आनंद त्याला चोरीचा वाटायला लागला. आपला कान शाबूत निघाला तो या माणसाचा गेला म्हणून, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं, आणि तसं नव्हतं हे कळत असूनही ते जाईना.

"गाडीतनं उतरलं तरी आवाज डोक्यात ऱ्हायचा," आप्पा शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, दिसभर गाडीत बसून ऱ्हात आसंल."

"कानाच्या डॉक्टरला दावू, आप्पा. अंबाजोगाईत हाय मोठा दवाखाना. आताच जाऊ."

आप्पांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते अंगदकडे बघत होते. रागाने नाही. एखादी वस्तू बरीच वर्षं घरात असावी आणि ती काय आहे हे आज कळावं, तसं.

"तीन आठवडे झाले, माझ्या कानातला आवाज तुमी ऐकताय," ते म्हणाले. "त्या दिशी धसाच्या बांधाच्या भांडणात निकाल दिला, तू म्हणलास दोनी घरं खूश हायती. ते खरंच ऐकलं व्हतंस का?"

 अंगदची मान, सवयीने, हलली.

"आनखी काय काय ऐकलंय रं माझ्यासाठी?"

गाडीत असं शांत झालं की सोमनाथला आपलं काम किती चांगलं झालंय हे नको असताना जाणवलं. मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. मेंढक्याने ओळखून हात वर केला. आप्पांनीही केला, पण राम राम म्हणाले नाहीत.

मग त्यांनी बिभीषणला उतरून मागे बसायला सांगितलं. बिभीषणला कळेना की आपलं काय चुकलं, पण तो उतरला. "सोमनाथ, तू चालव," आप्पा म्हणाले. सोमनाथने हातातला खडू खिशात टाकला आणि पुढे येऊन बसला. आप्पांच्या उजव्या हाताला.

परतीच्या वाटेवर पहिलं गाव आलं. पारावरची माणसं गाडी ओळखून उठायला लागली. आप्पांचं बोट काचेच्या बटणावर गेलं, काच दोन बोटं खाली आली, तीस वर्षं घुसत आला होता तसा वारा डाव्या कानाशी घुसला, आणि त्यांनी ती पुन्हा वर केली. आतूनच हात जोडले. मागे राहिलेल्या पारावर लोक काय म्हणाले असतील ते गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं.

 केज मागे पडलं तेव्हा आप्पांनी विचारलं की त्या मेंढीची घंटी खरंच तडकलेली होती का. सोमनाथ म्हणाला, हो, काठाला.

"बोलत ऱ्हा," आप्पा समोर बघत म्हणाले. "ह्या बाजूनं येतंय ऐकू. गाडीत काय काय चुकतंय माझ्या, ते सांग. समदं सांग."

सोमनाथच्या मनात तीन आठवड्यांचं साचलं होतं. त्याने काचेपासून सुरुवात केली.